इंजिन गरम झालंय

गाडी माझी नव्हे, धाकू येडग्यांची.
माझा त्यात फक्त ट्रान्सफर केस,
उद्यमनगरात तीन रात्री जागून जुळवलेला,
आणि चढाला, खालच्या गिअरात, एक बारीक कुरकुर
जी गल्लीबोळांतून कितीही फिरवली तरी ऐकू येईना.
"मग या की डोंगरात," धाकू म्हणाला,
"तितंच बोलतंय त्ये."

म्हणून पहाटे फुलेवाडीच्या नाक्यावर
मागच्या आडव्या बाकावर चढलो.
सांगलीचे पाच पाहुणे, एक दुर्बीण,
फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या,
आणि माझ्या पाठीला घासणारी स्टेपनी.
भोगावतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागंमागं,
नाकात मळीचा वास.
मग धरण. मग दाजीपूरच्या फाटकावर पावती,
आणि डांबर संपलं.

धाकूनं उतरून पुढचे दोन्ही हब लॉक केले,
नळ बंद करावा इतक्या सहज.
आखूड दांडा मागं ओढला.
सगळे बाहेर बघू लागले.
मी पायाखाली ऐकू लागलो.

"ह्ये गव्याचं शेण. कालचं.
ह्ये वारूळ अस्वलानं उकरलंय, बगा नखं.
ही अंजनी, आठ दिसांत जांभळी हुईल."
ओढ्यात गाडी एका कुशीवर गेली,
दुर्बीणवाल्या बाईंनी माझा दंड धरला,
चाक हवेत फिरलं, दगडानं खालून ठोसा दिला
आणि आम्ही वर आलो, जांभ्याच्या सड्यावर,
जळक्या तव्यासारखा, भोकाभोकांचा,
कडेला दरी, दरीच्या तळाशी धुरकट कोकण.
कुरकुर नाहीच.

सड्यावरून उतरून रानात शिरलो.
तिथं एका वळणाला,
जिथं ना चढ ना खड्डा,
धाकूनं किल्ली फिरवली.
"गरम झालंय. धा मिन्टं."

काटा अर्ध्यावरसुद्धा नव्हता.
बॉनेटवर तळवा ठेवून पाहिला:
निवत ठेवलेल्या दुधाएवढं.
रेडिएटर मीच साफ केलेला, थर्मोस्टॅट नवा.
सांगायला तोंड उघडलं,
तर धाकू बॉनेटकडं आलाच नाही.
पाण्याचा कॅन घेऊन झाडीत निघाला.

पाहुणे फुलपाखराचे फोटो काढत होते.
मी स्टेपनीचे बोल्ट आवळल्यासारखं करत बघत राहिलो.

चार दगड एका ओळीत, शेवाळलेले.
त्यांच्यावर पाय न देता तो पलीकडं गेला,
आणि जाताना मान खाली वाकवली,
वर काही नसताना. नुसतं आभाळ.

आत जमिनीशी सपाट एक उखळ.
हातानं त्यातला पाला काढला,
कॅन उपडा केला.
पाणी जरा गढूळलं, मग स्थिर झालं.
तो तिथं उकिडवा बसला,
विडी न ओढता, काही न बोलता.
एक बुलबुल फांदीवर खाली-खाली येत होता,
रोजच्यासारखा.

"काय आहे हो तिकडं?" बाईंनी विचारलं.
"कायबी न्हाई," धाकू म्हणाला,
आणि परत येतानाही मान वाकवली.

गाडी निघाली, आणि निघता निघता
कुरकुरली.
बेअरिंगमागची शिम. कागदाच्या जाडीचा फरक.
तीन रात्री ज्याला शोधलं ते सापडलं,
आणि मला म्हणावा तसा आनंद झाला नाही.

गवा दिसलाच नाही त्या दिवशी.
बाई अर्ध्या चेष्टेत म्हणाल्या, निम्मे पैसे परत द्या.
धाकू हसला, त्यांना आणखी एक भाकरी दिली.

रंकाळ्यापाशी मी उतरलो तेव्हा दिवे लागलेले.
"कुरकुर घावली?"
"घावली. सोमवारी आणा."
"आन त्ये..." त्यानं समोरच्या काचेतून पाहिलं,
"इंजिन गरम हुतंय त्ये?"

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हणालो.
"जुनी गाडी हाय.
तेवढी दहा मिनिटं द्यायचीच तिला.
फक्त कॅन मोठा घ्या.
उन्हाळा येतोय."